अळणी रास

सगुणाबायला डोंगर बघायचा नव्हता. तिला डोंगरावरून घसरायचं होतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण तिचे जावईबापू निकेत शेवटपर्यंत सगळ्यांना "आईंना बर्फ दाखवायला नेतोय" असंच सांगत होते, आणि ते ऐकलं की दर वेळी सगुणाबायच्या कपाळाला आठी पडत होती. बघायचं काय त्यात? बर्फ तिनं टीव्हीवर बघितला होता, रेवसच्या जेटीवर मासळीच्या खोक्यांत बघितला होता. नुसतं बघण्यासाठी त्रेसष्टाव्या वर्षी विमानात बसून कोण एवढ्या लांब जाईल?

आता या वयात हे घसरायचं वेड कुठून आलं, तेही ऐका.

सगुणाबाय रेवसच्या अलीकडची, खाडीकाठची. माहेर मिठागरवाल्यांचं, सासरही मिठागरवाल्यांचं. खाडीचं पाणी आत घ्यायचं, उन्हात आटवायचं, तळाला धरलेलं मीठ लाकडी फळीनं ओढायचं, घमेल्यात भरायचं, डोक्यावरून बांधावर आणायचं आणि राशीवर ओतायचं. उन्हाळा चढला की त्या राशी घराएवढ्या व्हायच्या. पांढऱ्याशुभ्र, दोन्ही अंगांनी उतरत्या, गुळगुळीत. लहान पोराला अशी रास दिसल्यावर त्याच्या मनात दुसरं काय येणार हो? पण छे! मीठ म्हणजे लक्ष्मी. चप्पल बांधाच्या अलीकडेच काढायची, आगरात उतरायचं ते अनवाणी, आणि राशीवर तर अनवाणी पाऊलसुद्धा टेकवायचं नाही. तिरकी फळी टाकून तिच्यावरून चढायचं, घमेलं रिकामं करायचं आणि मुकाट खाली यायचं. सगुणाचा बाप एरवी देवमाणूस. पण पोर राशीजवळ घुटमळताना दिसलं की त्याचा आवाज खाडीपलीकडे ऐकू जायचा.

एकदा एक कुत्रं दुसऱ्या कुत्र्याला घाबरून राशीवर चढलं. वर पोचलं, पाय सटकला आणि बुडावर बसून सर्रकन खाली आलं. खाली आल्यावर क्षणभर चक्रावून उभं राहिलं, आणि परत वर चढलं! सगुणा तेव्हा हातात रिकामं घमेलं घेऊन उभी होती. बाप दगड शोधत होता, सगळे हाड्‌हाड्‌ करत होते, आणि ही पोरगी मात्र त्या कुत्र्यावर जळत होती. तेवढा हेवा तिला पुढं जन्मात कोणाचा वाटला नाही.

मग लग्न झालं, दत्तात्रेयाच्या घरी आली. तिथं आणखी मोठ्या राशी. जन्म गेला घमेली ओतण्यात. मग आगरही गेलं. भराव पडला, आता तिथं कंटेनर उभे असतात आणि तिच्या लेकाचे, अल्पेशचे ट्रेलर ये-जा करतात. शेवटची रास अल्पेशच्याच ट्रकनं नेली. त्या दिवशी बांधावर चिटपाखरू नव्हतं. सगुणाबायच्या मनात आलं, आता बसले तर विचारतंय कोण? पण पाऊल काही उचललं नाही. लगेच घरी आली आणि भाकऱ्या थापायला बसली.

तिची लेक कल्पिता स्कॉटलंडला, अ‍ॅबर्डीनमध्ये. ती तिथं एका दवाखान्यात कामाला, निकेत समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या कंपनीत. लेक कधीपासून "ये, ये" म्हणून जीव टाकत होती आणि सगुणाबाय काही ना काही कारण काढत होती. अशात एक दिवस कल्पितानं व्हिडिओ पाठवला. एक पांढराशुभ्र उतार, आणि वरून निकेत लाल प्लॅस्टिकच्या कसल्याशा टबात बसून बोंबलत खाली येतोय. सगुणाबायनं मोबाईल नाकाला लावला आणि तडक फोन केला.

"अगो बाय! ही कोनाची रास?"

"रास नाही गं आई. डोंगर आहे, बर्फाचा. लोक इथं हिवाळ्यात खेळायला येतात."

"आनि ही मानसं तिच्यावर बसल्यात?"

"बसून घसरतायत."

"मंग कोन वरडत न्हाय त्यांना?"

कल्पिता हसली. "कोण ओरडणार? उलट तिकीट काढून घसरतात."

सगुणाबायनं फोन ठेवला आणि ओसरीवर सुपारी कातरत बसलेल्या नवऱ्याला सांगितलं, "माजा पासपोर्ट काडा."

दत्तात्रेयाला कारण कळलं तेव्हा अडकित्ता हातातच राहिला. जा, लेकीकडे राहा, पोटभर राहा, पण घसरायचं नाव काढायचं नाही, असं त्यानं बजावलं. गुडघा कुरकुरतो, तिकडं काही झालं तर कोण निस्तरणार? त्याचा बायकोवर भरवसा नव्हता, म्हणून त्यानं जावयालाही फोन केला. "बघू द्या तिला पोटभर. पन बसू देऊ नका. बसली तर तुमचा-माजा संबंध संपला." निकेत बिचारा पेणच्या शाळामास्तरांचा मुलगा, सासऱ्यांना जरा टरकूनच असायचा. त्यानं शब्द देऊन टाकला.

असा एक सगुणाबायच्या वाटेत नवरा. दुसरी आडवी आली हवा. पहिल्या रविवारी पाऊस पडला आणि होता नव्हता तो बर्फ वाहून गेला. पुढच्या रविवारी बर्फ आला, पण असा वारा सुटला की डोंगराचा रस्ताच बंद. सगुणाबाय रोज सकाळी दार उघडून, कमरेवर हात ठेवून, आभाळाकडे बघत उभी राहायची. आगरात मीठ धरलेलं असताना अवकाळी पावसाचा वास घ्यायची, तशीच. शेजारची म्हातारी तिला रोज हात करायची आणि सगुणाबाय तिला आपल्या भाषेत विचारायची, "आज कसा वाटतोय वारा?"

परतीचं विमान बुधवारी. मधे एकच रविवार उरला. शनिवारी संध्याकाळी निकेतनं मोबाईल बघून सांगितलं की उद्या सकाळी डोंगर उघडा आहे, दुपारनंतर वारा वाढेल. सगुणाबायनं त्या रात्री गॅसशी उभ्या असलेल्या लेकीला तीनदा विचारलं, उठवशील ना? आणि पहाटे लेकीच्या आधी हीच तयार! आत निकेतची थर्मल पॅन्ट, वर काष्टा घातलेलं लुगडं, त्यावर कल्पिताचं गुडघ्यापर्यंतचं जॅकेट, पायात मोठे बूट, डोक्याला माकडटोपी. आरशात बघून ती स्वतःच खो खो हसत सुटली.

"आई, लुगड्याऐवजी पॅन्टच घातली असतीस तर?" कल्पिता म्हणाली.

"काष्ट्याएवडं घसरायला सोयीचं काय हाय गो?"

"बघायला," निकेतनं गाडीची चावी उचलत हळूच दुरुस्त केलं.

त्या डोंगराचं नाव सगुणाबायला शेवटपर्यंत नीट घेता आलं नाही, म्हणून ती त्याला थोरली रासच म्हणायची. गाडी चढणीला लागली, आधी तपकिरी माळ, मग मधे मधे पांढरे ठिपके, आणि एका वळणावर एकदम सगळंच पांढरं! सगुणाबायनं पुढच्या सीटला गच्च धरलं. "अगो बाय, अगो बाय, अगो बाय," एवढंच तिच्या तोंडून निघत होतं. वरच्या सुळक्यांवरून माणसं लाकडासारख्या लांबट पट्ट्या पायाला बांधून सुसाट येत होती, तारेला लटकलेल्या खुर्च्यांवर बसून परत वर जात होती. आणि अलीकडे, गाड्या उभ्या करायच्या जागेला लागूनच, एक बेताचा उतार दोरी लावून वेगळा ठेवला होता. लहानथोर सगळे प्लॅस्टिकच्या टबांत बसून त्याच्यावरून खाली येत होते. सगुणाबायला तो लगेच ओळखू आला. व्हिडिओतला तोच.

"थांबवा, थांबवा! हितंच थांबवा!"

गाडी नीट थांबायच्या आत तिनं दार उघडलं. आणि उतरली ती जागच्या जागी उभी राहिली.

समोर, गाड्यांपासून त्या उतारापर्यंत जाणाऱ्या पायवाटेवर एक नारिंगी जॅकेटवाला माणूस बादलीतून फावड्यानं काहीतरी फेकत होता. जाडे, मळकट, लालसर खडे. लोक त्याच्यावरून बूट करकरवत खुशाल चालले होते. सगुणाबाय वाकली, एक खडा उचलला, जिभेला लावला.

"कल्पे! हे मीठ हाय!"

"हो आई, रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून टाकतात. चल."

पण सगुणाबाय हलते कुठली? ती तिथंच गाडीच्या कडेला टेकली आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागली. मिठावर पायताण घालून चालायचं? तिच्या सात पिढ्यांत कोणी चाललं नव्हतं. निकेतला काय चाललंय ते कळेपर्यंत एक बूट निघाला, दुसरा निघाला, दोन-दोन मोज्यांचे जोड निघाले, आणि सगुणाबाय उघड्या पावलांनी त्या ओल्याचिंब, गारठलेल्या मिठावर उभी!

"आई! अहो, पाय गळून पडतील!"

"आयो!" सगुणाबायच्या तोंडून निघालं. गार म्हणजे किती गार! आगरातलं मीठ भर दुपारी पाय भाजायचं. इथलं हाडांत शिरत होतं. तरी ती चालायला लागली. चालायला म्हणजे काय, एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारायला. बूट काखेत, लुगडं वर खोचलेलं, आणि मागून निकेत मोजे घेऊन धावतोय. लोक थबकून बघायला लागले. तो नारिंगी जॅकेटवाला फावडं टाकून आला आणि कल्पिताला इंग्रजीत विचारू लागला की या बाईंना काही होतंय का.

कल्पिताच्या चेहऱ्यावर शरमेनं रक्त चढलं होतं. तरी तिनं त्याला सांगितलं, "आमच्या घरी मीठ पिकवायचे. आमच्याकडची जुनी माणसं मिठावर चप्पल घालून चालत नाहीत."

"त्याला इचार," सगुणाबाय उड्या मारत म्हणाली, "लक्ष्मी पायाखाली घालताना ह्याला काय वाटत न्हाय का?"

तो भला माणूस होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, बादलीकडे बघितलं, सगुणाबायच्या लालबुंद पावलांकडे बघितलं, आणि फावड्यानं वाटेच्या कडेची एक पट्टी खरवडून साफ करून दिली. सगुणाबाय त्या साफ पट्टीवर आली, निकेतनं आपल्या लोकरी टोपीनं तिचे पाय खसाखसा चोळले, मोजे-बूट चढवले आणि म्हणाला, "झालं ना? आता कॉफी पिऊ, फोटो काढू आणि निघू. वारा वाढायला लागलाय बघा."

वारा खरंच वाढत होता. वरच्या लटकत्या खुर्च्या थांबवल्या होत्या. उताराशी टब वाटणारी लाल जॅकेटवाली बाई प्रत्येकाला सांगत होती की थोड्याच वेळात हाही उतार बंद करणार. कल्पितानं ते आईला सांगितलं. जन्मभर जे मागितलं ते समोर होतं. दोन पावलं पुढं टाकली की बर्फ, आणि चढून गेलं की झालं!

ती बर्फाच्या कडेशी आली. बूट उचलला. आणि खाली ठेवलाच नाही.

समोर सगळं पांढरं होतं हो! कडेपासून आभाळापर्यंत पांढरं. उजव्या हाताला कोणीतरी फावड्यानं ओढून ढीगसुद्धा लावून ठेवला होता, अगदी राशीसारखा, वर निमुळता. आणि तिच्या कानात बाप ओरडला. खाडीपलीकडे जाईल असा ओरडला. तिनं पाय मागे घेतला. परत उचलला, परत मागे घेतला. शेजारून एक चिमुरडी पोर टब ओढत तुरुतुरु बर्फावर गेली, आणि ही मोठी बाई कडेवर उभी.

"आई, राहू दे," कल्पिता तिच्या दंडाला धरून हळूच म्हणाली. "बघितलंस ना? बास झालं."

सगुणाबायला रडूच कोसळायचं बाकी होतं. स्वतःचाच तिला असा राग आला की बोलायची सोय नाही. एवढं विमान, एवढा खटाटोप, नवऱ्याशी भांडण, आणि पाऊल पडत नाही म्हणजे काय! रागारागात ती खाली वाकली, तो पांढरा भुगा चिमटीत धरला, आणि मघासारखाच जिभेवर ठेवला.

विरघळला. नुसतं पाणी.

तिनं मूठ भरली, तोंडात कोंबली.

"अळनी!" सगुणाबाय ओरडली. "अगो कल्पे, हे अळनी हाय! येकदम अळनी! मीठ न्हाय गो हे!"

"बर्फ आहे आई, मीठ कसं असेल?" निकेत म्हणाला. पण त्याचं कोण ऐकतंय! सगुणाबायनं दोन्ही बूट एकदम बर्फात आपटले. कर्र आवाज आला. परत आपटले. कोणी ओरडलं नाही. ती नाचायला लागली, एका जागी, थपाथपा, आणि लक्ष्मीची माफी मागायची गरजच नव्हती!

लाल जॅकेटवालीनं तिला टब दिला. सगुणाबायनं तो उलटासुलटा करून बघितला. "हे तर घमेलंच की! कान तेवडं न्हाईत." जन्मभर डोक्यावर घेतलं, आता त्यात बसायचं. ती टब काखेत मारून कडेकडेनं चढायला लागली. गुडघा कुरकुरला तर तिनं त्याला शिवी हासडली. निकेत शब्द दिलेला माणूस, तो "आई, ऐका तरी" करत मागोमाग. कल्पिता खालीच थांबली. "मी इथून व्हिडिओ काढते," म्हणाली. निकेत वळून हसला. "ही कायम तिथूनच व्हिडिओ काढते, आई. घाबरट आहे तुमची मुलगी. एवढी वर्षं झाली, एकदाही बसली नाही."

वर पोचतात तोच निकेतचा फोन वाजला. दत्तात्रेय! निकेतनं कपाळाला हात लावला, पण सगुणाबायनं फोन हिसकावून घेतला. पडद्यावर दत्तात्रेयाचं नाक आणि त्यामागे अंगणातला नारळ.

"दाकव, दाकव. कुटं हाय बर्फ?"

तिनं फोन उताराकडे फिरवला. पलीकडे अडकित्ता खणकन खाली पडला. मग, "आयला! केवडी ही रास!"

"अवो, मी वर हाय. राशीच्या वर."

"सगुने, बसू नको. माजं आईक."

"का न्हाय?"

"गुडघा हाय तुजा."

"बसायचं बुडावर हाय, गुडघ्यावर न्हाय."

"अगो, झोंबतं!"

"काय झोंबतं? तुमाला काय ठाव?"

सगुणाबायनं फोन तोंडासमोर धरला. नवऱ्याचं नाक पडद्यावरून गायब झालं होतं, नुसता नारळ दिसत होता.

"अवो!"

"बारका हुतो तवा," नारळामागून आवाज आला. "घसरलेलो येकदा. थोरल्या राशीवरना. चड्डी फाटली, बूड सोललं, त्यात मीठ गेलं. आठवडाभर उभ्यानं जेवलो. म्हनून सांगतो, बसू नको."

सगुणाबायचा आ वासला तो मिटेना. म्हणजे या माणसानं... आणि एवढा संसार झाला, पोरं झाली, आगर आलं नि गेलं, तरी एका शब्दानं बोलला नाही! ती बापाच्या धाकानं जन्मभर राशीकडे बघत बसली, आणि हा बाबा घसरून मोकळा!

"लबाड मानूस!" ती फोनवर एवढ्या जोरात ओरडली की रांगेतली माणसं दचकली. मग तिचा आवाज खाली आला. "कसं वाटलं हुतं?"

दत्तात्रेयाचं नाक परत आलं. "झोंबलं ते मागनं, सगुने. आदी... आदी लय भारी वाटलं."

"मंग सरा बाजूला. हे अळनी हाय, झोंबनार न्हाय." तिनं फोन निकेतच्या हातात कोंबला. "जावईबापू, नीट धरा. त्यांना दिसू दे."

निकेतनं फोनकडे बघितलं. सासऱ्यांनी नाक चोळलं. मग म्हणाले, "जरा धक्का द्या तिला."

आणि सुटली! सुटली हो सगुणाबाय! काष्टा आवळलेला, हात टबाच्या कडांना, माकडटोपी वाऱ्यावर. पोट आत ओढलं गेलं, डोळ्यांत पाणी आलं, कानांत वारा भरला, आणि तोंडातून जो आवाज निघाला तो तिचा तिलाही माहीत नव्हता. ते कुत्रं बिचारं काय घसरलं असेल! हे त्याच्या कितीतरी वरताण! मधे एक उंचवटा आला, टब उडाला, सगुणाबाय उडाली, परत टबात पडली, आणि ढिगात तोंड खुपसून थांबली. उठली ती बर्फानं माखलेली, दातांत बर्फ, नाकात बर्फ, आणि हसतेय, हसतेय, थांबायचं नाव नाही.

"कल्पे! बगितलंस? बगितलंस का?"

कल्पिता मोबाईल धरून हसत होती, रडतही होती. सगुणाबाय टब ओढत तिच्याकडे धावली. "चल! आता तू."

"नको आई. मला नाही आवडत."

"न आवडायला काय झालं? चल, बाई दोरी बांदायला लागली बग."

"नको म्हटलं ना."

सगुणाबाय आणखी काही बोलणार होती, पण तिची नजर लेकीच्या पायांकडे गेली. डांबर जिथं संपतं आणि बर्फ जिथं सुरू होतो, त्या रेषेच्या बरोबर अलीकडे कल्पिताचे बूट होते. टोकसुद्धा पांढऱ्याला टेकलेलं नव्हतं. जिथं मघाशी आईचा पाय अडला होता, अगदी तिथंच. एवढी वर्षं सगळे व्हिडिओ इथूनच काढले होते हिनं.

"कल्पे," सगुणाबाय हळू आवाजात म्हणाली, "का गो?"

कल्पितानं मोबाईल खिशात ठेवला. "मी वर पोचले होते, आई. आपल्या राशीवर. दुसरीत होते. सगळे जेवायला गेले होते. मी बसणारच होते, आणि तू आलीस. वेणीला धरून खाली ओढलंस."

सगुणाबायला आठवलं. वेणी आठवली, लाल रिबीन आठवली, आणि स्वतःचा आवाज आठवला. तो आवाज तिचा नव्हताच, बापाचा होता. तिच्या तोंडून निघाला होता एवढंच. आपल्याला जे हवं होतं तेच पोरीलाही हवं होतं, आणि आपणच तिला ओढली.

"मला माहितीय हा बर्फ आहे," कल्पिता म्हणाली. "डोक्याला कळतं. पायाला नाही कळत."

सगुणाबाय वाकली. वरवरचा बर्फ हातानं झटकून तिनं आतला स्वच्छ बर्फ मूठभर घेतला, फुंकर घातली, आणि घास धरावा तसा लेकीच्या तोंडासमोर धरला.

"आ कर."

"आई, लोक बघतायत."

"बगू दे. आ कर."

दवाखान्यात सतरा माणसांवर हुकूम चालवणाऱ्या त्या बाईनं आपल्या आईसमोर आ केला. सगुणाबायनं घास भरवला, ओठांवर सांडलेलं बोटानं पुसलं.

"लागला खारट?"

कल्पितानं मान हलवली. नाही.

"मंग चल."

कल्पितानं आईचा हात धरला आणि पाय उचलला. बर्फ कर्र वाजला. दोघी वर चढायला लागल्या, आधी हळू, मग भराभर, शेवटी पळतच. लाल जॅकेटवाली दोरी आडवी लावत होती. सगुणाबायनं तिच्यासमोर एक बोट उंच धरलं. एकदाच, बाय, एकदाच! त्या बाईनं वाऱ्याकडे बघितलं, दोघींच्या चेहऱ्यांकडे बघितलं, आणि दोरी खाली केली.

निकेत अजून फोन धरून उभा होता. कल्पिता टबात बसली, गुडघे पोटाशी घेऊन, दुसरीतली पोर बसावी तशी. वळून बघितलं. "आई, घट्ट धर हं."

"धरत न्हाय," सगुणाबाय म्हणाली. ज्या हातानं वेणी ओढली होती तोच हात तिनं लेकीच्या पाठीवर ठेवला, आणि होती नव्हती ती ताकद लावून ढकललं.

कल्पिताची किंकाळी उतारभर घुमत खाली गेली.

"कोन गो ते? कोन वरडतंय?" निकेतच्या हातातल्या फोनमधून दत्तात्रेय विचारत होता.

"आपली कल्पी," सगुणाबाय म्हणाली. "वरडू दे तिला."